१.५ वरून १.८ गिगाहर्ट्झ: फोन पळतोय, पण भरवसा ठेवू का?

खटपट्या | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, कपाटात पडून असलेला जुना फोन पुन्हा कामाला लावलाय. चार कोअर, कंपनीने ठरवलेली कमाल १.५ गिगाहर्ट्झ, २ जीबी रॅम. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की दहाव्या प्रतिसादापर्यंत धागा 'कुठली कंपनी भारी' या वळणावर जातो, हे पाहून झालंय.

बूटलोडर (फोन सुरू करणारा, बाहेरची सिस्टिम रोखणारा प्रोग्राम) आधीच अनलॉक होता, रूट म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबाही होता. परवा कस्टम कर्नल, म्हणजे सिस्टिमचा बदललेला गाभा, टाकला. त्यात फ्रिक्वेन्सीचं टेबल, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या पायऱ्या, कंपनीच्या कमालीच्या वर वाढवून दिलेलं आहे (यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात). एकेक पायरी चढत १.८ ला पोचलो. मूळच्या ११०० मिलिव्होल्टवर १.८ ला फोन होम स्क्रीनपर्यंत यायचा आणि गोठायचा. १२२५ दिले तेव्हा कुठे उभा राहिला. गीकबेंच या वेग मोजणाऱ्या अ‍ॅपचा स्कोअर सतरा टक्क्यांनी वर गेला. स्ट्रेस टेस्ट वीस मिनिटं चालवली, हूं की चूं नाही. मी खूश.

मग काल सकाळी फोन चार्जरवरून काढला तर स्क्रीन उठेचना. पॉवर बटण दाबून धरून रिस्टार्ट करावा लागला. दुपारी चाळीसेक फोटो काढले, त्यातल्या दोन फोटोंचा खालचा भाग नुसता राखाडी आहे, वरचा भाग एकदम व्यवस्थित. आणि गेम सुरुवातीला मस्त चालतो, पण दहा मिनिटांनी पूर्वीपेक्षाही रखडतो.

स्ट्रेस टेस्ट पास झाली म्हणजे स्थिर आहे ना? मग हे काय चाललंय? १.८ ठेवू की खाली येऊ?

गरमागरम | रविवार, रात्री १०:३१

१.८ ला बूट होतोय म्हणजे चिप चांगली निघाली, अभिनंदन! १२५० देऊन बघ. आणि ती फोन तापला की वेग कमी करणारी थर्मलची सर्व्हिस बंद करून टाक, गेम रखडणं तिथेच थांबेल. मी माझ्या आधीच्या फोनवर तेच केलं होतं. फोटोंचा दोष मेमरी कार्डाचा असणार.

चिमटा | रविवार, रात्री ११:०५

गरमागरम, थर्मल बंद करायचा सल्ला कृपा करून देऊ नका. त्या सर्व्हिसला फक्त प्रोसेसरची काळजी नसते. त्याच्याशेजारी पातळशा पत्र्याआड लिथियमची बॅटरी झोपलेली असते, तिचीही असते. लॅपटॉपला पंखा असतो, फोनला फक्त तुमचा तळहात.

आता मूळ प्रश्न. माझं काम चिपच्या टायमिंगचंच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

प्रोसेसरच्या आत घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एका फ्लिप-फ्लॉपमधून (एक बिट धरून ठेवणारा छोटा घटक) सिग्नल निघतो, मधल्या गेट्सच्या (हिशेब करणाऱ्या छोट्या स्विचांच्या) साखळीतून जातो आणि पुढचा ठोका पडायच्या किंचित आधी पुढच्या फ्लिप-फ्लॉपच्या दाराशी येऊन स्थिरावलेला लागतो. १.५ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांत ०.६६७ नॅनोसेकंद असतात. १.८ ला ०.५५६. म्हणजे तुम्ही प्रत्येक सिग्नलच्या वाटचालीतले ०.१११ नॅनोसेकंद काढून घेतलेत. बहुतेक सिग्नलना काही फरक पडत नाही, त्यांची वाट छोटी असते. सगळ्यात लांबची जी वाट असते, जिला आम्ही क्रिटिकल पाथ म्हणतो, तिथला सिग्नल मात्र उशिरा पोचतो.

आणि उशिरा पोचलेला सिग्नल ओरडत नाही! पुढचा फ्लिप-फ्लॉप दारात जे असेल ते उचलतो, बहुधा जुना बिट, आणि हिशेब तसाच पुढे जातो. तो चुकीचा बिट मेमरीच्या पत्त्यात पडला तर फोन गोठतो किंवा रिस्टार्ट होतो. हे नशीब चांगलं असल्याचं लक्षण समजा, कारण निदान तुम्हाला कळतं तरी. तोच बिट फोटोच्या डेटात पडला तर कुणालाच काही कळत नाही. जेपेगचा डेटा एकामागोमाग उलगडत जातो. मधे एक बिट चुकला की तिथून पुढचं सगळं विस्कटतं. वरचा भाग शाबूत आणि खालचा राखाडी, हे अगदी तसंच दिसतंय.

स्ट्रेस टेस्टबद्दल: ती एकाच प्रकारचं गणित एकाच तालात करत राहते. लांबची वाट त्या गणितात लागतच नसेल, तर वीस मिनिटं काय, वीस तास पास होईल. शिवाय सतत पूर्ण भार हा चिपसाठी तसा सोपा प्रसंग आहे. अवघड असतो तो अचानक बदल. फोन गाढ झोपेत आहे, तुम्ही बटण दाबता, गव्हर्नर (वेग कमी-जास्त करणारा कर्नलचा भाग) तळातून थेट वरच्या पायरीवर उडी मारतो, चारही कोअर एकदम जागे होतात. त्या क्षणी विजेची मागणी इतकी झपाट्याने वाढते की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. तुम्ही १२२५ लिहिलेत म्हणून ट्रान्झिस्टरला त्या क्षणी १२२५ मिळतातच असं नाही. सकाळी फोन न उठण्याचं कारण मी आधी इथे शोधेन.

शंकेखोर | रविवार, रात्री ११:२०

वाचतोय. बरंचसं डोक्यावरून गेलं, पण 'ओरडत नाही' ते कळलं आणि घाबरलो.

जुनापुराणा | सोमवार, सकाळी ८:४०

चिमटा यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

थोडं जुनं सांगतो, कारण या खेळाला एके काळी खरंच अर्थ होता. २००८ चा पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीचा जी१. आतली चिप ५२८ मेगाहर्ट्झची, पण फोन विकला गेला तेव्हा सॉफ्टवेअरने ती ३८४ वर रोखलेली होती. पुढच्या वर्षीचा मोटोरोला ड्रॉइड: चिप ६०० ची, चालायची ५५० वर. २०११ च्या गॅलेक्सी नेक्ससमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप १.५ गिगाहर्ट्झपर्यंत चालेल अशी होती आणि फोनमध्ये १.२ वर ठेवलेली होती. म्हणजे तेव्हा ओव्हरक्लॉक म्हणजे बऱ्याचदा चिप बनवणाऱ्याने दिलेलं आणि फोनवाल्याने झाकून ठेवलेलं परत घेणं असायचं. सेटसीपीयू अ‍ॅप उघडायचं, स्लायडर ओढायचा, आणि फरक नुसत्या डोळ्यांना दिसायचा. एकच कोअर, त्यावर सगळा संसार. शंभर मेगाहर्ट्झ वाढले तरी यादी सरकवताना कळायचं.

खटपट्या, तुझ्या चिपचं तसं नाही. १.५ ही तिची खरीच वरची रेघ असावी. मूळ व्होल्टेजवर १.८ उभाच राहिला नाही, यातच उत्तर आलं.

अजून एक. एकाच मॉडेलच्या दोन फोनांतल्या चिप्स सारख्या नसतात. एकाच वेफरवरच्या (सिलिकॉनच्या चकतीवरच्या) सुद्धा नसतात. क्वालकॉमच्या त्या काळच्या चिप्समध्ये प्रत्येक चिपवर कारखान्यातच तिचा वर्ग कोरलेला असायचा, त्याला पीव्हीएस म्हणत. बूट होताना कर्नल तो वाचून त्या वर्गाचं व्होल्टेजचं टेबल उचलायचा. संथ चिपला जास्त व्होल्टेज, चपळ चिपला कमी. म्हणून 'माझा २.० ला चालतो, तुझा का नाही' या भांडणाला काही अर्थ नसे, तरी ते शेकडो पानं चालायचं. मीही त्यात हिरिरीने लिहिलेलं आहे, आता शोधायला जाऊ नका.

सायली_कोड | सोमवार, दुपारी १:१५

मी अ‍ॅप लिहिते, तर माझ्या बाजूने. फोन 'स्लो' आहे असं आपण म्हणतो तेव्हा नक्की कशाची वाट बघत असतो?

समजा एखादं अ‍ॅप उघडायला तीन सेकंद लागतात आणि त्यातले दोन स्टोरेजवरून वाचण्यात जातात. उरला एक सेकंद प्रोसेसरचा. तुम्ही घड्याळ वीस टक्के वाढवलंत, तर त्या एका सेकंदाचे ०.८३ झाले. एकूण ३ चे २.८३. डोळ्यांवर पट्टी बांधून, आय मीन स्टॉपवॉच न लावता, कुणालाही ओळखता येणार नाही. गीकबेंच मात्र जवळजवळ पूर्ण वाढ दाखवणार, कारण ते स्टोरेजला हातच लावत नाही.

स्क्रोल अडखळतो त्याचंही तसंच. ६० हर्ट्झच्या पडद्याला दर १६.७ मिलिसेकंदांना एक फ्रेम हवी. एखाद्या अ‍ॅपने मुख्य थ्रेडवर, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या कामाच्याच रांगेत, डेटाबेस वाचायला घेतला, तर तिथे ४० गेले. घड्याळ वाढवून ते ३८ होतील. फ्रेम पडायची ती पडणारच.

जुन्या फोनात मी सगळ्यात आधी बघेन स्टोरेज किती भरलंय आणि ट्रिम (कुठली जागा रिकामी झाली ते स्टोरेजला कळवणं) होतंय का. अँड्रॉइडमध्ये ट्रिम २०१३ च्या ४.३ आवृत्तीत आलं. त्याआधीचे फोन वापरून वापरून मंद व्हायचे, आणि लोक प्रोसेसरला शिव्या घालायचे.

जुनापुराणा | सोमवार, दुपारी १:४०

सायली, अगदी! पहिल्या गॅलेक्सी एसच्या वेळी हेच झालेलं. १ गिगाहर्ट्झची चांगली चिप, पण आरएफएस नावाची फाइल सिस्टिम (स्टोरेजवर फाइली मांडायची पद्धत) अडखळायची. लोक ओव्हरक्लॉक करून थकले. शेवटी कुणीतरी डेटाचं पार्टिशन ईएक्सटी४ मध्ये बदलायची युक्ती काढली, तिला 'लॅगफिक्स' म्हणायचे. घड्याळाला हात न लावता फोन सुटला.

गरमागरम | सोमवार, संध्याकाळी ६:०२

मान्य, पण गेमचं काय? तिथे तर सगळं प्रोसेसरवरच असतं ना. आणि थर्मल बंद न करता तो वेग टिकवायचा कसा, ते कुणीच सांगत नाहीये.

चिमटा | सोमवार, संध्याकाळी ७:३०

टिकत नाही, हेच उत्तर आहे. हिशेब मांडतो.

चिपमध्ये ठोके पडताना दर सेकंदाला खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. ११०० चे १२२५ केले, म्हणजे १.११४ पट. त्याचा वर्ग १.२४. घड्याळ १.२ पट. गुणाकार १.४९. वीस टक्के वेगासाठी जवळजवळ पन्नास टक्के जास्त वीज, आणि ती सगळी उष्णता होऊन त्याच पातळ डब्यात साठते. चिप तापली की तिच्यातली विजेची गळती वाढते, गळतीने ती आणखी तापते. मग थर्मल सर्व्हिस कमाल फ्रिक्वेन्सी खाली ओढते, आणि उष्णता आधीच साठलेली असल्यामुळे ओढते ती मूळच्या १.५ च्याही बरीच खाली.

तुमच्या फोनची उष्णता बाहेर टाकायची ताकद ठरलेली आहे. ती कर्नलने वाढत नाही. दीर्घ गेममध्ये वेग त्या ताकदीवर ठरतो, १.८ या आकड्यावर नाही.

खटपट्या | सोमवार, रात्री ११:५०

मेमरी कार्ड की प्रोसेसर, याचा छडा लावायचं ठरवलं. फोटो आणि कार्ड दोन्ही बाजूला ठेवलं. फोनच्या अंतर्गत स्टोरेजमध्ये ७०० एमबीची एक फाइल टाकली, तिचा एमडी५ (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) संगणकावर काढून कागदावर लिहिला. मग टर्मिनलमध्ये लूप लावला: तीच फाइल, तोच एमडी५, दोनशे वेळा. मधे दर काही फेऱ्यांनी वीस सेकंद विश्रांती, म्हणजे प्रोसेसर झोपेल आणि पुन्हा उठेल.

१.८ ला दोनशेत तीन उत्तरं चुकली. ३१ वी, ११८ वी आणि ११९ वी फेरी. १२० व्या फेरीला पुन्हा बरोबर. म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे, वाचणारा चुकतोय.

खरं सांगू का, फोन गोठला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं. ११९ व्या ओळीतला तो आकडा बघून पाठीतून थंड लहर गेली. सगळं सुरळीत चाललंय, पडदा हलतोय, गाणं वाजतंय, आणि फोन शांतपणे चुकीचं उत्तर देतोय.

१.५ आणि मूळ व्होल्टेजवर दोनशेच्या दोनशे बरोबर.

चिमटा | मंगळवार, सकाळी ९:१०

उत्तम प्रयोग. ११८ आणि ११९ लागोपाठ चुकल्या हेही बोलकं आहे. त्या वेळी चिप जास्त तापलेली असेल, किंवा फाइलचा एखादा तुकडा रॅममध्ये येतानाच बिघडला आणि पुढच्या फेरीने तोच वापरला. रॅमचं घड्याळ तुम्ही बदललेलं नाही, तेव्हा संशय कोअरवर आणि एल२ कॅशवर (कोअरजवळच्या झटपट मेमरीवर). कित्येक चिप्समध्ये कोअरबरोबर एल२ सुद्धा वर ओढली जाते.

एक काळजी घ्या. रॅममधला बिघडलेला तुकडा नुसता वाचला गेला तर फार बिघडत नाही. पण तो परत स्टोरेजवर लिहिला गेला तर कायमचा. आणि तो तुकडा फोटोचा नसून फाइल सिस्टिमच्या नोंदींचा असेल, तर एके दिवशी फोन बूटच होणार नाही. प्रयोग चालू आहे तोवर त्या फोनवर एकुलती एक अशी कुठलीही फाइल ठेवू नका.

सायली_कोड | मंगळवार, सकाळी ९:३५

+१. आणि 'सेट ऑन बूट'ची (फोन सुरू होताच हेच सेटिंग लावायची) खूण अजून केली नसशील अशी आशा आहे. ती न करता फोन गोठला तर रिस्टार्टनंतर मूळ सेटिंग परत येतं. केली असेल तर बूट, गोठणं, बूट, गोठणं.

खटपट्या | मंगळवार, सकाळी ९:५२

केली होती. 😐 आत्ता काढली.

शंकेखोर | मंगळवार, दुपारी ३:१८

माझा भाबडा प्रश्न. माझा फोन बऱ्यापैकी नवा आहे, रूट नाही. त्यात हे काही करता येतं का? आणि आयफोनवाल्यांचं काय?

जुनापुराणा | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

रूटशिवाय काहीच नाही. 'एका क्लिकमध्ये सीपीयू बूस्ट' म्हणणारी अ‍ॅप असतात, ती फार तर मागची अ‍ॅप बंद करतात आणि जाहिरात दाखवतात. आयफोनमध्ये तर हा दरवाजाच नाही.

रूट करूनही नव्या फोनांत पूर्वीची मजा राहिलेली नाही. पूर्वी फ्रिक्वेन्सीचं टेबल कर्नलच्या सोर्समध्ये असायचं, दोन ओळी वाढवल्या की झालं. स्नॅपड्रॅगन ८४५ च्या सुमारापासून ते काम चिपमधल्या वेगळ्या हार्डवेअरकडे आणि फर्मवेअरकडे गेलं. कर्नल फक्त 'अमुक पायरी दे' म्हणतो, पायऱ्या किती ते त्याच्या हातात नाही. हाताळता येतं ते मुख्यतः ग्राफिक्सचं टेबल. कोनाबेस नावाचं अ‍ॅप त्यासाठीच आहे, आणि त्यातही बरेच लोक वेग वाढवण्यापेक्षा व्होल्टेज कमी करायला ते वापरतात.

शिवाय वरची जागा आता कंपन्याच विकून टाकतात. स्नॅपड्रॅगन ८५५ ची वरची फ्रिक्वेन्सी २.८४, आणि २०१९ मध्येच आलेल्या ८५५ प्लसची २.९६. आपण जे रात्र जागवून करायचो ते त्यांनी कारखान्यात केलं आणि नावापुढे प्लस लावलं.

आणि बँकेची अ‍ॅप. बूटलोडर उघडा दिसला की त्यातली बरीच चालायला नकार देतात. रोजच्या फोनवर हा उद्योग करणार असशील तर त्याचा विचार आधी कर.

गरमागरम | मंगळवार, रात्री ९:४४

बेंचमार्कवरून आठवलं. हे उद्योग आपणच करतो असं नाही. २०१३ मध्ये आनंदटेकने दाखवलं होतं की गॅलेक्सी एस४ च्या एक्सिनॉस (सॅमसंगच्याच चिपच्या) आवृत्तीत ठरावीक बेंचमार्क अ‍ॅप उघडली की जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) ५३० मेगाहर्ट्झच्या वर जायचा. एरवी गेमला ४८० पर्यंतच. तेव्हा खटपट्याच्या सतरा टक्क्यांना फार हसू नका.

(अवांतर आहे, माहीत आहे.)

खटपट्या | बुधवार, रात्री १०:२०

आज गेमचा हिशेब काढला. कर्नल प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर किती वेळ काढला याची नोंद टाइम-इन-स्टेट नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. एकक १० मिलिसेकंद. तोच गेम, पंधरा मिनिटं, म्हणजे ९०,००० एकक.

१.८ लावलेलं असताना १.८ च्या ओळीत ७,९४२. म्हणजे ऐंशी सेकंदही नाहीत! त्यानंतर फोन घसरत गेला आणि निम्म्याहून जास्त वेळ १.०३ वर काढला. फोन इतका तापला होता की टेबलावर ठेवून खेळलो.

गरमागरम, तू म्हणत होतास त्या 'रखडण्या'चं चित्र या एका फाइलमध्ये आहे.

गरमागरम | बुधवार, रात्री १०:४१

बघितलं. बोलती बंद. थर्मल बंद करायचं माझं वाक्यही मागे घेतो. त्या आधीच्या फोनची बॅटरी सात-आठ महिन्यांत फुगली होती. मी तेव्हा चार्जरला दोष दिला होता.

चिमटा | बुधवार, रात्री ११:१५

बॅटरीवरून एक राहिलंच. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. जोरात विद्युतप्रवाह ओढला की तिचं व्होल्टेज कोसळतं आणि टक्केवारी शिल्लक दिसत असूनही फोन बंद पडतो. २०१७ च्या शेवटी अ‍ॅपलने मान्य केलं की जुनी बॅटरी असलेल्या आयफोन ६, ६एस आणि एसईवर ते कमाल वेग कमी करतात. तो याचसाठी, क्षणिक मागणी आवरायला. आपल्याला न सांगता केलं म्हणून आरडाओरडा झाला तो झालाच, आणि योग्यच झाला. पण कारण खरं होतं. खटपट्या नेमकं उलट करतायत: बॅटरी जुनी आणि मागणी दीडपट.

तेव्हा माझी सूचना. घड्याळ १.५ वरच ठेवा आणि व्होल्टेज खाली आणा. २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी. जिथे एमडी५ चुकेल तिथून किमान दोन पायऱ्या वर या. बॅटरी पूर्ण असताना, वीस टक्क्यांवर असताना, फोन गार असताना आणि तापलेला असताना, अशा चारही वेळा चाचणी घ्या. कंपनीने व्होल्टेज ठरवताना त्या वर्गातली सगळ्यात रडकी चिप आणि सगळ्यात वाईट दिवस धरलेला असतो. तुमची चिप तेवढी रडकी नसेल तर मधली जागा तुमची.

खटपट्या | शुक्रवार, रात्री ९:०५

दोन रात्री गेल्या. अहवाल:

१.५ ला १०७५ वर सगळं ठीक. १०५० ठीक. १०२५ ठीक. १००० ला एमडी५ सत्तराव्या फेरीला चुकला, तोही फक्त फोन तापलेला असताना. दोन पायऱ्या वर येऊन १०५० धरलं. चिमटा यांचाच हिशेब लावला तर ठोक्यामागची वीज नऊ टक्के कमी.

हे करून झोपलो, सकाळी पुन्हा फोन उठेना! डोकं फिरलं. रिस्टार्ट करून लास्ट-केमेसेजची (बंद पडण्याआधीच्या कर्नलच्या नोंदींची) फाइल बघितली, तर शेवटच्या ओळी झोपेत जातानाच्या. मग लक्षात आलं. कर्नलच्या अ‍ॅपमध्ये 'सगळ्या पायऱ्या एकदम कमी करा' असं बटण होतं, मी तेच दाबलं होतं. वरची पायरी ५० ने कमी झाली ती ठीक, पण सगळ्यात खालची ३८४ मेगाहर्ट्झची पायरीही ५० ने कमी झाली, आणि तिथे मुळातच फार शिल्लक नव्हती.

जुनापुराणा | शुक्रवार, रात्री ९:२२

हा आजार जुना, नावही जुनं: स्लीप ऑफ डेथ. आमच्या वेळी निम्मे लोक यासाठी रॉमला (फोनवर टाकलेल्या अख्ख्या सिस्टिमला) शिव्या द्यायचे. खालच्या दोन-तीन पायऱ्यांना हातच लावायचा नाही. तिथे फोन तसाही काही वीज खात नाही, वाचवून मिळणार काय.

खटपट्या | रविवार, रात्री ८:३०

खालच्या तीन पायऱ्या मूळ व्होल्टेजवर परत नेल्या. परवापासून चार वेळा अख्खी रात्र पडून राहिला असेल नसेल, प्रत्येक वेळी उठला. (दोनच रात्री झाल्या खऱ्या, पण दुपारीही झोपवला.)

एमडी५ पाचशे फेऱ्या, शून्य चुका. वीस टक्के बॅटरीवर शंभर, शून्य चुका.

तोच गेम, तीच पंधरा मिनिटं: १.५ च्या ओळीत ३८ हजारांवर एकक, उरलेला बराचसा वेळ १.२४ वर. १.०३ ला जेमतेम टेकला. म्हणजे कमाल कमी करून सरासरी वाढली. गीकबेंचचा स्कोअर अर्थात होता तिथे परत आलाय. सायलीचं ऐकून स्टोरेजमधली ६ जीबीची अडगळ काढली आणि ट्रिम चालवलं. रोजच्या वापरात जो काही फरक जाणवतोय तो बहुतेक त्याचाच.

१.६२ सुद्धा करून बघितलं, ११२५ वर. एमडी५ पास झाला. पण १.५ पेक्षा काय वेगळं वाटतं ते मला सांगता येईना, म्हणून सोडून दिलं.

सायली_कोड | रविवार, रात्री ८:४८

हे टेबल धाग्यात वर चिकटव ना, पायरी आणि व्होल्टेज. आणि खाली मोठ्या अक्षरात लिही की दुसऱ्या फोनवर जसंच्या तसं लावू नका. तरी कुणीतरी लावणारच.

शंकेखोर | रविवार, रात्री ९:०१

सगळा धागा दोनदा वाचला. माझ्या फोनला काही करणार नाहीये, पण मजा आली. ते राखाडी झालेले दोन फोटो परत मिळाले का?

खटपट्या | रविवार, रात्री ९:१०

नाही. काय काय करून बघितलं, खालचा भाग नाहीच. एकात भाचीचा चेहरा वरच्या भागात आला, तो वाचलाय. दुसऱ्यात नुसतं आभाळ उरलंय.